दोन चुलींचं धुराडं

२० जुलै २००१, शुक्रवार

दिव्याची अवस. तिथीने आज ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

रंगनाथ सकाळी सातलाच पत्र्यावर चढला. पाऊस नव्हता, पत्रा कोरडा होता, तरी तळपायांना गोणपाट बांधून चढला. आता बांधतो! दोन वर्षांपूर्वी ह्याच अवसेला पाळी त्याची होती. तेव्हा ह्यांचा हा धाकटा भाऊ झेंडूची पाटी घेऊन नाशकात, फुलबाजारात. आणि पत्र्यावर माझा माणूस.

वरून बांबू खाली-वर होत होता. त्याच्या टोकाला गोणपाटाचा बोळा. काजळी सुटून माझ्या खिडकीत पडत होती. खिडकी म्हणजे चुलीमागचं वीतभर भोक, एरवी विटेने बंद असतं. मी घमेलं लावून बसले. त्याने हाक मारली नाही, मी ओ दिली नाही. दीड घमेलं निघालं. गुलाबांच्या मुळाशी टाकलं.

सगळं पुन्हा एकदा नीट लिहून काढते. डोक्यात फिरत राहण्यापेक्षा कागदावर बरं.

घर वाटलं तेव्हा भिंत स्वयंपाकघराच्या मधून गेली. ह्यांनी पंचायत समितीच्या शिबिरात निर्धूर चूल बांधायचं शिकून घेतलेलं. भिंतीच्या अलीकडे आमची चूल, पलीकडे रंगनाथची, आणि दोन्हीला मिळून एकच धुराडं — सिमेंटचा पाइप, वर डालड्याच्या डब्याची टोपी. ९६ च्या दिवाळीनंतर बांधलं. दर अवसेला काजळी काढायची, एक अवस आमची, एक त्यांची. चैत्र आमचा, वैशाख त्यांचा. ज्येष्ठ आमचा, आषाढ त्यांचा. पोळा आमचा, सर्वपित्री त्यांची, दिवाळी आमची. मला पाठ आहे.

म्हणजे आषाढ त्यांचा. ह्यात खोट कुठे आहे?

त्या दिवशी संध्याकाळी ग्रहण होतं. त्याच्या आत जेवणं उरकायची घाई, आणि घरभर धूर. डोळे उघडेनात. मी खिडकीची वीट काढली आणि भोकाला तोंड लावून ओरडले, "पाळी कोणाची आहे! मेले का सगळे तिकडे? दुसऱ्याच्या डोळ्यांचं पाणी बघवतं बरं!" पलीकडून उत्तर नाही. हे अंगणात दाढी करत होते. त्यांनी तोंड पुसलं, शिडी लावली. मी म्हटलं, "तुम्ही कशाला? त्यांची आहे ना?" तर म्हणाले, "असू दे गं. ओरडू नको."

पत्रा ओला. टोपी काढताना—

पुढचं नाही लिहीत.

लोक म्हणाले, ग्रहणाची अवस, वाईटच. मी म्हणते, ग्रहणाने कोणाला पत्र्यावर चढवलं नाही. पाळी चुकवणाऱ्याने चढवलं.

२९ जुलै

पुन्हा धूर! अजून दहा दिवस झाले नाहीत.

संध्याकाळी भाकरीला बसले तर धूर वर जाईना. चुलीच्या तोंडातून उलटा माझ्याच अंगावर. लाकूड वाळलेलं, बाभळीचं. फुंकणीने फुंकून गाल दुखले. काजळी नीट काढलीच नसणार. नुसता बांबू वाजवला असेल. पण मग दीड घमेलं कुठून आलं?

की मुद्दाम काही केलं?

२ ऑगस्ट

सकाळी धूर कमी, संध्याकाळी जास्त. त्यांच्याकडे मात्र फोडणीचा वास येतो, धुराचा येत नाही. रंगनाथची बायको सिंधू खोकत पण नाही. भिंत एक, धुराडं एक, मग सगळा धूर माझ्याच बाजूला का? आतून धुराड्यात पत्रा सरकवून त्यांनी आपला धूर इकडे लोटला तर? जमतं का तसं? ह्यांना विचारलं असतं.

११ ऑगस्ट

तारखेने आज. चूल पेटवली नाही. धूर तेवढा वाचला.

१४ ऑगस्ट

आज ऐकलं. स्वतःच्या कानांनी.

खिडकीची वीट काढून राख ओढत होते. चूल गार होती, त्यामुळे पलीकडचं स्पष्ट आलं. रंगनाथचा आवाज — "वहिनीला कळू देऊ नको." सिंधू म्हणाली, "किती दिस लपवायचं? भिंतीला लागून भिंत हाय." तो म्हणाला, "जितकं दिस जाईल तितकं जाईल." मग भांडं पडलं.

वीट हळूच परत लावली. हात काळे झाले.

काय कळू द्यायचं नाही मला?

१८ ऑगस्ट, पोळा

आमची पाळी. चढले.

पन्नाशीची बाई पत्र्यावर चढते म्हणून आळीत दोन वर्षं बोलतात. बोलू दे. बैलांची शिंगं रंगवून मिरवत होते, मी वरून सगळं बघितलं. पदर खोचला, टोपी काढली, बांबू सोडला. सिंधू धावत बाहेर आली.

"अक्का, उतरा ना हो! हे आले की चढतील."

"माझी पाळी आहे. मी पाळ्या चुकवत नाही."

ती गेली नाही. शिडीचा पाय धरून उभी राहिली, मी उतरेपर्यंत. मला नको होतं. पण सोड म्हणायला तिच्याशी पुन्हा बोलावं लागलं असतं.

काजळी पाऊणच घमेलं! दर अवसेला दीड निघते. उरलेली कोणी काढली? मध्येच कोणी तरी माझ्या मागे धुराडं उघडतं. मी दुपारी बाजारात असते तेव्हा? की आत काही कोंबून ठेवलंय, म्हणून काजळी वर धरत नाही? बांबू खाली टेकेपर्यंत घातला. काही लागलं नाही.

२६ ऑगस्ट

नवीन गोष्ट लक्षात आली. त्यांचं सरपण कमी होत नाही. गोठ्याच्या भिंतीला रचलेली द्राक्षाच्या काड्यांची थप्पी एप्रिलच्या छाटणीनंतर आली, तेवढीच आहे. वर कोंबडी अंडी घालते! चार माणसांचा स्वयंपाक होतो त्या घरात. कशावर होतो? माझी थप्पी मात्र निम्म्यावर आली.

माझं सरपण जाळतात! दुसरं काय?

आज माझ्या मोळ्यांना एकाआड एक लाल दोरा बांधला.

३ सप्टेंबर

दोरे जागच्या जागी. एक हललेला नाही.

मोजणी चुकली की चोर हुशार आहे, ठरवता येईना. वाचनालयातलं पुस्तक वाचायचा प्रयत्न केला. त्यात दोन जावा भांडतात आणि शेवटी एकमेकींच्या गळ्यात पडतात. अर्ध्यावर परत दिलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "आवडलं नाही का?" म्हटलं, "लिहिणारी वेगळी राहत असणार." मी शाळा बघितली नाही. बियांच्या पाकिटांवरून अक्षरं लावली, फवारणीच्या डब्यांवरून जोडाक्षरं. पण खोटं कुठलं ते कळतं मला.

१७ सप्टेंबर, सोमवार

सर्वपित्री. पितर जेवायला ह्या वर्षीही वाळूआप्पांनाच बोलावलं. मळ्याच्या टोकाला राहतात, ह्यांच्याबरोबर कीर्तनाला जायचे. रीतीप्रमाणे भावाला बसवायचं. रंगनाथला मी त्या पानावर बसू देणार नाही. दोन वर्षं नाही दिलं, पुढेही नाही.

आणि आज पाळी त्याची. मी आप्पांना वाढत होते आणि वर पत्रा वाजत होता. आप्पांनी कढीचा भुरका मारला आणि छताकडे बघितलं.

"बाई, सख्खा भाऊ वर पत्र्यावर, अन् पितर म्हनून मी खातुय. कावळा बी बुचकळ्यात पडंल."

"वाढू का अजून?"

"वाढ. वडे बेस झालेत. पन मी काय म्हनतो, वर घास जाऊ दे त्याला. उपाशी हाय गडी."

"त्याच्या बायकोने केलंय त्याला."

आप्पा हसले. "तू बी लय कडक, बाई. चुलीत घातलेलं दगूड बी कधी तरी गार व्हतं."

मी भात वाढला. घास मागच्या अंगणात ठेवला. कावळा आला, लगेच शिवला. दर वर्षी शिवतो. मग मी चुकत असते तर शिवला नसता ना?

३० सप्टेंबर, रविवार

धोंड्याचा महिना लागलाय. ह्या वर्षी आश्विन दोनदा, आधी अधिक मग निज. भाग्यश्री आणि जावई आले, सातपूरहून, मोटारसायकलवर. पुरणाचे धोंडे केले, जावयांना ओवाळलं, अनारशांचं वाण दिलं. धुरात केलं सगळं. भाग्यश्री डोळे चोळत म्हणाली, "आई, गॅस घे ना आता." म्हटलं, "तुझ्या वडिलांनी बांधलेली चूल आहे. मी असेपर्यंत पेटती राहील."

जावई पलीकडे काकांच्या पाया पडायला गेले. त्यांना मी कशी अडवणार? परत आले ते चहा पिऊन.

"इतक्यात चहा झाला पण?" मी विचारलं.

"काकूंनी गॅसवर ठेवला ना. पाच मिनिटांत." एवढं बोलले आणि जीभ चावली. "काका म्हणाले होते, घरी बोलू नका."

"कधी घेतला?"

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी आला म्हणे."

मला आधी हसू आलं. लाल दोरे आठवले! मग राग आला. लपवायचं काय होतं त्यात?

१ ऑक्टोबर

ह्यांची शिबिरातली पुस्तिका पेटीतून काढली. पानांना अजून मातीचे ठसे आहेत, त्यांच्या बोटांचे. बोट ठेवून वाचलं. धुराडं तापलं की धूर वर ओढतं. गार राहिलं की धूर मागे फिरतो. एका धुराड्यावर दोन चुली असतील आणि एक बंद ठेवायची असेल, तर तिचं तोंड मातीने लिंपून घ्यावं, नाही तर तिथून गार हवा आत शिरते.

म्हणजे धूर त्यांनी लोटला नाही. चूल थंड ठेवली, एवढंच केलं. पाऊणच घमेलं काजळी का, तेही कळलं. एकाच चुलीची होती.

इथपर्यंत बरोबर. पण मग दुसरा प्रश्न येतो आणि तो रात्रभर छातीवर बसला. ज्याची चूल पेटतच नाही, तो सर्वपित्रीला उपाशीपोटी पत्र्यावर चढून धुराडं का झाडतो? कोणासाठी?

मनात पाप असल्याशिवाय माणूस एवढं करत नाही.

३ ऑक्टोबर

धूर सहन होईना. शेवटी वीट काढली आणि भोकातून ओरडले, "तुमच्या चुलीचं तोंड लिंपा! गार हवा येते!"

भोकातून दोन वर्षांनी पहिलं वाक्य.

पलीकडे सिंधू हळूच रंगनाथला म्हणाली, "कळलं वाटतं." मग बादलीचा आवाज. मग ओली माती थापल्याचा आवाज. थप, थप. बराच वेळ.

संध्याकाळी धूर वर गेला. भाकरी फुगली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

अवस. महिना अधिक असला तरी नाव आश्विनच, आणि आश्विन आमचा. चढले. पाऊण घमेलं. रंगनाथ अंगणात उभा राहून बघत होता. मी उतरले तेव्हा म्हणाला, "वहिनी, टोपीचा एक पाय गंजलाय. मी दुसरा डबा कापून ठेवतो."

मी म्हटलं, "माझं मी बघते."

गोड बोलतो. गोडच बोलतात.

२ नोव्हेंबर

काळू मिस्त्री येऊन धुराडं बघून गेला. त्याला सांगितलं, भाऊबीज झाली की भिंतीतला पाइप तोड, माझ्या चुलीला वेगळा, अलीकडच्या बाजूने काढ. भोक बुजवून टाक. आवाजसुद्धा इकडचा तिकडे जायला नको. तो म्हणाला, "बाई, दादांचं काम लय पक्कं हाय. फोडताना हात धजनार नाय." म्हटलं, "तू नाही तर दुसरा."

मनाशी ठरवलंय. भाऊबीजेला रंगनाथच्या बहिणी येतात, दोघी, नवऱ्यांसकट. सगळी भावकी अंगणात असते. सगळ्यांसमोर एकच विचारणार — आषाढ कोणाचा? सांग म्हणणार त्याला. मोठ्याने सांग. मग पाइप तोडायचा.

दोन वर्षं मी एकटीने धरून ठेवलंय हे. आता त्याने धरावं.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सडा घालताना विचार आला, आज अवस, दिवाळीची. दिवाळी आमची. पण मी मागच्याच अवसेला चढले होते! लागोपाठ दोनदा मी का? वीट काढून ओरडले, "मागची मी केली! ही तुमची!" भांडायच्या तयारीनेच ओरडले. ते म्हणतील दिवाळी तुमची, मग मी ऐकवेन.

भांडण झालंच नाही. रंगनाथ शिडी घेऊन बाहेर आला. नवीन टोपी हातात, डबा कापून केलेली.

"बरोबर हाय, वहिनी. ही आमचीच."

"दिवाळी तर आमची असते."

"असती. पन धोंडा मधी आला ना. धोंडा आला की पाळी एक घर सरकती. आता कार्तिक तुमचा, मार्गशीर्ष आमचा. पुढचा पोळा बी आमचा." तो पायाला गोणपाट बांधत होता, खाली मान घालून, सहज सांगत होता. "मागच्या धोंड्याला दादाच म्हनला व्हता, रंग्या, ध्यानात ठेव, आता सगळं उलटं—"

आणि थांबला. गोणपाटाची गाठ तशीच हातात.

"सगळं उलटं काय?"

"काय नाय."

"भाऊजी, काय म्हणाले होते हे?"

"काय नाय, वहिनी. सणाचं कशाला." आणि भराभर शिडी चढून गेला.

मी खाली घमेलं लावलं. काजळी पडत होती, घमेल्याबाहेर चुलीवर सांडली तरी मी बसून होते.

१५ नोव्हेंबर

मागचा धोंडा कधी आला होता?

आठवत नाही. हे जाण्याआधीचं सगळं एकाच महिन्यात झाल्यासारखं वाटतं. ९६ ला होता, पावसाळ्याच्या तोंडाला, तो चूल बांधायच्या आधी. त्यानंतरचा? पलीकडे विचारणार नाही.

उद्या भाग्यश्री येते.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

नणंदा आल्या. अंगणभर माणसं. ओवाळणं झालं. मी काहीच विचारलं नाही.

भाग्यश्रीला आत चुलीपाशी बोलावलं. म्हटलं, "लग्नानंतर तुझा पहिला धोंडा कधी होता?"

"काय गं, आज काय त्याचं? उन्हाळ्यात नव्हता का? आंबे होते. बाबांनी ह्यांना सात वाट्या रस पाजला आणि हे रात्रभर झोपले नाहीत पोट धरून. बाबा किती हसले होते!" बोलता बोलता तिचे डोळे भरले. "तो शेवटचाच."

"कुठला महिना पुन्हा आला होता?"

"ज्येष्ठ. दोनदा ज्येष्ठ. मला आठवतं, वटपौर्णिमा कुठल्या ज्येष्ठात करायची म्हणून सासूबाईंनी भटजींना विचारलं होतं."

ती बाहेर गेली. मी बोटांवर मोजलं. तीनदा मोजलं.

चैत्र आमचा. वैशाख त्यांचा. धोंडा आमचा. ज्येष्ठ त्यांचा.

आषाढ आमचा.

त्या सकाळी पाळी आमची होती. ह्यांची होती. ह्यांना ते माहीत होतं. दाढी करताना मी भोकातून शिव्या देत होते, त्या ह्यांना पोचत होत्या, रंगनाथला नाही. रंगनाथ बाजारात होता आणि बाजारातच असायला हवा होता. मी "मेले का सगळे" म्हटलं आणि हे तोंड पुसून उठले. पत्रा वाळेपर्यंत थांबले असते. संध्याकाळी चढले असते. दुसऱ्या दिवशी चढले असते. मी ओरडले नसते तर—

बाहेर नणंदा हसत होत्या. रंगनाथ फटाक्यांच्या पिशवीपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. दोन वर्षं तो माझ्या चुकीच्या मोजणीनेच पत्र्यावर चढतो आणि तशीच नजर खाली घालतो. मी तिला गुन्हा म्हणत होते.

१७ नोव्हेंबर

काळू मिस्त्री पहार घेऊन आला होता. परत पाठवला.

१८ नोव्हेंबर

पलीकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. सिंधू एकटीच होती. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "पहिल्या दिसापासून, अक्का. दहाव्यालाच मी म्हनले, सांगून टाका. तर हे म्हनले, नको. वहिनीला आपल्याला बोलू दे. आपल्याला बोलायची थांबली, तर सोताला बोलंल."